वेगाचं पहिलं चलान आलं? आधी घरी सांगा, मग बाकीचं करा

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, भरतीचे फॉर्म हे रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात एक वेगळं गिऱ्हाईक वाढलं आहे. अठरा-वीस वर्षांचं पोट्टं असतं. दुकानातली गर्दी सरेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहतं, मग आत येऊन मोबाईल पुढे करतं आणि हळूच म्हणतं, "दादा, हे पाहा ना. पण बाबाले सांगू नका."

मोबाईलवर वेगाचं चलान असतं. कोणाला यवतमाळच्या रस्त्यावर लागलेलं, कोणाला नागपूरला कॉलेजला जाताना. मी प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो की बाबांना आज संध्याकाळीच सांग. उपदेश म्हणून नाही. चलान गाडीच्या नंबरवर फाटतं आणि आपल्याकडे गाडी बहुतेक बाबांच्या, काकांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर असते. आज तुमच्या हातात आलेला मेसेज उद्या त्यांच्या मोबाईलवर जाणार. पैसे भरले नाहीत तर पुढची नोटीसही त्यांच्याच नावाने निघणार. गाडी कोण चालवत होतं असं पोलिसांनी विचारलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे ते सांगणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणजे लपवायचं म्हटलं तरी ते लपत नाही, फक्त उशिरा आणि वाईट वेळी उघडं पडतं.

एका पोराने असंच दडवलं होतं. गाडी काकाची. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला, त्यामुळे घरी कोणालाच काही कळलं नाही. एकाची तीन चलानं झाली. कापूस घरात येण्याआधीच्या ओढाताणीत काकाने गाडी विकायला काढली, तेव्हा नाव बदलताना सगळं समोर आलं. दंडाची रक्कम फार नव्हती. पण गिऱ्हाईक फिरलं, आणि काका त्या पोराशी कितीतरी दिवस नीट बोलला नाही.

रस्त्यात थांबवलं असेल तर

हायवे पोलिसांची इंटरसेप्टर गाडी कडेला उभी असते आणि तिच्यातून स्पीड गन लावलेली असते. हात दाखवला तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, हेल्मेट काढून बोला. पळू नका. गाडी वळवून उलट्या बाजूने पळणारी पोरं मी पाहिली आहेत. हजार-दोन हजारांसाठी समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडात जायचं, हे मला आजही समजत नाही. नंबर तर कॅमेऱ्यात आधीच आलेला असतो.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवावं लागतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधली कागदपत्रं चालतात. गॅलरीत ठेवलेला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. गावातून निघण्याआधीच ॲपमध्ये कागद उतरवून ठेवा, कारण नेमकं पाहिजे तिथे रेंज नसते.

वेग किती आला आणि फोटो कुठे आहे, हे विचारायला हरकत नाही. आवाज न चढवता "साहेब, रीडिंग दाखवता का?" एवढं म्हणा. याला कायद्याचा आधारही आहे. कलम १८३ मध्ये लिहिलं आहे की "ही गाडी फार जोरात होती" एवढ्या एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर कोणाला दोषी धरता येत नाही, त्यामागे यंत्राने केलेली मोजणी लागते.

पैसे जागेवर भरले तर मशीनची पावती घ्या. जवळ पैसे नसतील तर तसं सांगा, चलान ऑनलाइन पडतं आणि नंतर भरता येतं. "इथंच मिटवून टाकू" अशी भाषा तुमच्याकडून निघू देऊ नका. लाच देणं हाही गुन्हाच आहे. समोरूनच मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.

लायसन्स जप्त केलं तर पोचपावती मागा. मात्र एक लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगासारख्या गुन्ह्यात लायसन्स जप्त झालं असेल, तर त्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत एसटी.

मेसेज खरा आहे का, ते आधी पाहा

हा भाग घाईत वाचू नका, कारण इथे दंडापेक्षा मोठं नुकसान होतं. व्हॉट्सॲपवर "तुमच्या गाडीचं चलान" असं लिहिलेला मेसेज येतो आणि खाली एक फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती फाईल म्हणजे चलान नव्हे, ते एक ॲप असतं. उघडून परवानगी दिली की तुमचे मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात आणि खातं रिकामं होतं. ज्या खात्यात पीक विम्याचे आणि अनुदानाचे पैसे येतात तेच खातं आपण मोबाईलला जोडलेलं असतं, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. सरकारी चलान असल्या फाईलमधून येत नाही.

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवूच नका. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाका: महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन. किंवा प्ले स्टोअरवरून महाट्रॅफिक ॲप घ्या. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की गाडीवरची सगळी चलानं दिसतात. चेसिस नंबर आरसीवर असतो. तिथे चलान दिसलं तर ते खरं. पत्ता तपासताना सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेआधी शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहा. भामटे मधे कुठेतरी 'जीओव्ही' घालतात आणि शेवट वेगळाच ठेवतात.

पैसे गेलेच असतील तर लाजून बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात केलेल्या फोनमुळे पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

चलान ओळीओळीने वाचा

पैसे भरण्याआधी चलान पूर्ण उघडा. तारीख, वेळ, ठिकाण, मोजलेला वेग, कोणतं कलम, गाडीचा फोटो. फोटोतली गाडी तुमचीच आहे का? नंबरप्लेट नीट वाचता येते का? त्या वेळी गाडी कोणाकडे होती? आपल्याकडे एक गाडी चार घरं फिरते. मावसभाऊ लग्नाला घेऊन गेलेला असतो आणि चलान मात्र तुमच्या नावाने बोलतं.

कलमाचा आकडा महत्त्वाचा. १८३ म्हणजे वेगमर्यादा ओलांडली. १८४ म्हणजे धोकादायक पद्धतीने चालवली, आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) लावून पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला असेल तर ते साधं चलान राहत नाही. शेवटच्या दोन्हींत माझ्यासारख्या दुकानदाराकडे न येता सरळ वकिलाकडे जा.

कलम १८३ खाली हलक्या वाहनाला पहिल्या वेळी १,००० ते २,००० रुपये दंड आहे, मध्यम आणि जड प्रवासी किंवा मालवाहू गाड्यांना २,००० ते ४,०००. तुमच्या गाडीला नेमकं किती, ते चलानावरच छापलेलं असतं. भाजीपाल्याची पिकअप पगारावर चालवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. "बाजार सुटायच्या आत पोहोच, कसंही कर" म्हणून मालकानेच वेग ओलांडायला लावला, तर त्याच कलमात मालकालाही दंड आहे.

मर्यादा होती तरी किती?

"दादा, रस्ता तर मोकळा होता" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत जास्तीत जास्त वेग ठरवून दिले आहेत. मोटरसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८०, इतर रस्त्यांवर ६०. कारला चौपदरीवर १००, इतर रस्त्यांवर ७०. ही वरची हद्द झाली. राज्याला ती कमी करता येते, म्हणून ज्या ठिकाणी बोर्ड लावला आहे तिथे बोर्डावरचा आकडा खरा. समृद्धी महामार्गावर कारला १२० चालतं, पण दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला तिथे प्रवेशच नाही.

गडबड होते ती चौपदरी सोडून आतल्या रस्त्याला लागल्यावर. डोळ्यांना ८० ची सवय झालेली असते आणि ६० म्हणजे गाडी रांगते आहे असं वाटतं. रस्ते चांगले झाले तसं हे वाढलं. अमरावती ते अकोला रस्त्याची जुनी अवस्था ज्यांनी भोगली आहे, त्यांना २०२२ च्या जूनमध्ये तिथे ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं तेव्हाचा आनंद आठवत असेल. गिनीज बुकात नोंद झालेला रस्ता तो. अशा रस्त्यावर ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जातो.

पण रस्ता नवा झाला म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचं गाव बदलत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या निघतात, कितींना तरी मागे लाल दिवा नसतो. अंधार पडल्यावर बैलबंडी घरी येत असते. सोयाबीन निघालं की रस्त्याची एक बाजू वाळवणाने भरते. रात्री रोही (नीलगाय) एका उडीत दुभाजक ओलांडतो आणि रानडुकराचा कळप थांबत नाही. ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते, ८० च्या वेगात बावीस. ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर तर वेगाच्या वर्गाने वाढतं. ६० वरून थांबायला वीस मीटर लागत असतील तर ८० वरून पस्तीस लागतात. आणि मिळतं काय? चाळीस किलोमीटरच्या वाटेत दहा मिनिटं. तीही वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही तर.

चूक आपली असेल तर भरून मोकळे व्हा

फोटो आपला, वेग आपला, तर घासाघीस न करता भरा. वर सांगितलेल्या सरकारी साइटवर किंवा ॲपवर चलान निवडायचं आणि यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने भरायचं. पैसे कापले गेले आणि चलान तरीही बाकी दिसत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दोन-तीन दिवस थांबून परत तपासा आणि व्यवहाराचा नंबर जपून ठेवा. पावती उतरवून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. मोबाईल बिघडतात, पावती मागणारा दोन वर्षांनी येतो.

ज्याने गाडी चालवली त्याने भरावं, असं माझं मत आहे. बाबांना सांगायचं म्हणजे बाबांकडून पैसे काढायचे असं नाही. हजार रुपये म्हणजे आईच्या निंदणाच्या किती मजुऱ्या होतात, हे तुमच्या घरात तुम्हाला कळतंच. एकदम जमत नसेल तर घरून उसने घ्या आणि कामाला जाऊन फेडा.

असा दंड भरून गुन्हा मिटवणं कलम २०० खाली येतं. भरल्यावर त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई थांबते. मात्र त्याच कलमात असंही आहे की भरून मिटवलेला गुन्हाही 'पहिली वेळ' म्हणून मोजला जातो. पुन्हा वेगात सापडलात तर ती दुसरी वेळ ठरते आणि दुसऱ्या वेळेला लायसन्स जप्तीची तरतूद आहे. "पैसे भरले, विषय संपला" असं म्हणत गाडी पुन्हा तशीच हाणणाऱ्याने हे वाचावं.

चलान चुकीचं असेल तर

कधी नंबरातला ३ हा ८ वाचला जातो. कधी दुसरीकडे कोणीतरी तुमचाच नंबर लावून फिरत असतो. एका शेतकऱ्याला पुण्याचं चलान आलं होतं. त्यांची गाडी यवतमाळ जिल्हा सोडून कधी गेलीच नव्हती आणि फोटोत भलत्याच रंगाची स्कूटर होती.

असं असेल तर पैसे भरू नका. त्याच साइटवर आणि ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चलानाचा स्क्रीनशॉट, आरसी, आणि तुमच्या गाडीचे पुढून-मागून नंबर दिसतील असे फोटो जोडा. मजकूर चार ओळींचा ठेवा: चलान क्रमांक, त्यात काय चुकलं, खरं काय, पुरावा काय. रागाचे शब्द नकोत. शिवाय तोच अर्ज कागदावर लिहून जिल्हा वाहतूक शाखेत द्या, आणि चलान हायवे पोलिसांचं असेल तर त्यांच्या केंद्रात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

कॅमेऱ्याच्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम २०२१ मध्ये आला. त्यात सांगितलं आहे की यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवली पाहिजे. यातलं काही खरोखर राहून गेलं असेल तर अर्जात लिहा. पण फलक होता आणि आपणच पाहिला नाही, तर तसं लिहू नका.

"माझ्या काट्यावर सत्तरच दिसत होतं" हा मुद्दा टिकत नाही. गाडीचा काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी नाही.

भरलंच नाही तर

नोटिशीवर मुदत छापलेली असते. ती उलटली की प्रकरण न्यायालयाकडे जाऊ शकतं. वाहतूक प्रकरणांसाठी आता आभासी न्यायालयं आहेत. आपल्या विदर्भात काटोलला २०२० मध्ये असं न्यायालय सुरू झालं. तिथलं प्रकरण घरबसल्या ऑनलाइन पाहता येतं, दंड मान्य असेल तर तिथेच भरता येतो, आणि मान्य नसेल तर तसं नोंदवल्यावर ते नेहमीच्या न्यायालयात चालतं.

लोकअदालतीच्या आधीही मोबाईलवर मेसेज येतात. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चारदा भरते, तालुक्याच्या कोर्टातही भरते. तिथे तडजोडीने मिटलं की वर अपील नसतं. जुनी चलानं साचली असतील त्यांनी जरूर जावं. पण "लोकअदालतीत कमी होईल" म्हणून पहिलं चलान मुद्दाम थकवणं मला पटत नाही. तोवर गाडी विकणं, नाव बदलणं अशी कामं अडतात आणि मध्येच दुसरं चलान पडतं. कोर्टाची पायरी चढावीच लागली तर तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, कमी उत्पन्नाच्या इतरांनाही मिळतो.

भरतीची काळजी

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी याने फार घाबरतात. पहाटे पाचला मैदानावर धावणाऱ्या एका पोरीने मला विचारलं होतं, "दादा, माझं चारित्र्य पडताळणीत अडकणार काय?" वेगाचं भरलेलं चलान म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदलेला गुन्हा नव्हे. दोन्ही एक समजून झोप घालवू नका. फॉर्ममधला प्रश्न मात्र शब्द न शब्द वाचा आणि जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्या. चालक पदासाठी अर्ज करायचा असेल, तर लायसन्स निलंबित होऊ न देणं हे तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचं.

अठरा पूर्ण नसतील तर हा भाग आई-बाबांना वाचून दाखवा

अकरावी-बारावीची पोरं ट्यूशनला बाबांची गाडी घेऊन जातात आणि गावात कोणाला त्याचं काही वाटत नाही. कलम १९९अ काय म्हणतं ते पाहा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीच्या आतल्या, गिअर नसलेल्या गाडीचं असतं. आपल्याकडे फिरणाऱ्या नेहमीच्या स्कुटी त्यात बसत नाहीत. अठरा झाले पण लायसन्सच नाही, तर चालवणाऱ्याला ५,००० आणि गाडी देणाऱ्याला आणखी ५,०००. म्हणजे वेगाचं चलान यात सगळ्यात लहान आकडा ठरतो.

शेवटचं काम: आरसीवरचा मोबाईल नंबर

चलान भरून झालं की मी प्रत्येकाला हे काम करूनच पाठवतो. परिवहन सेवा साइटवर गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर टाकून मालकाचा मोबाईल नंबर बदलता येतो. जुना नंबर शोरूमवाल्याने टाकलेला असतो, नाहीतर रिचार्ज न करता सोडून दिलेला असतो. मग चलानाचे मेसेज कुठेतरी हवेत जातात. गाडी जुनी घेतलेली असेल तर नाव लावून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. "नुसती चिठ्ठी केली आहे" अशा गाडीचं चलान जुन्या मालकाच्या दारात जातं, आणि तो बाजारात भेटला की चारचौघांत विचारतो.

येताना आरसी, मालकाचं आधार आणि चालू मोबाईल आणा. मोबाईल तुमचा नको, ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांचा हवा, कारण ओटीपी त्यावर येणार. बाबा शेतात असतील तर सुट्टीच्या दिवशी त्यांनाच गाडीवर मागे बसवून घेऊन या. दोघांसाठी दोन हेल्मेट आणा. दुकान संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं.